ग्रॅमसाहेबांचं दोन मोटरींचं विमान

एका मोटरीवर विश्वास कोण ठेवणार, ह्या एका प्रश्नापायी ग्रॅमसाहेबांच्या विमानाला दोन मोटरी आल्या आणि पुढचं सगळं महाभारत घडलं. दुसऱ्या कुणी आयुष्यातलं पहिलं फोमचं विमान केलं असतं, तर एक मोटर, एक बॅटरी आणि एक पंखा लावून तो मोकळा झाला असता. उडालं तर टाळ्या वाजवल्या असत्या, पडलं तर घरी येऊन चहा घेतला असता. पण ग्रॅमसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकटी मोटर काय वाटेल ते करील, दोन असल्या की एकमेकींवर नजर ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. कचेरीतल्या महत्त्वाच्या कपाटालाही त्यांनी दोन कुलपं लावून किल्ल्या दोन वेगवेगळ्या कारकुनांकडे दिल्या होत्या. त्यातल्या एका कारकुनाची बदली झाल्यापासून ते कपाट उघडलेलं नाही. पण त्यातून काही गेलेलंही नाही, हे ते अभिमानाने सांगत.

ग्रॅमसाहेब हे नाव बाजारपेठेने ठेवलेलं. ते रस्त्याच्या ह्या टोकाला दिसले की त्या टोकाची दुकानं बंद होत. बायकोबरोबर नुसती चप्पल घ्यायला गेले तरी होत. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत त्यांना मनासारखी चप्पल मिळालेली नव्हती.

विमानाचं खूळ डोक्यात घातलं ते डॉक्टरांनी. "रक्तदाब वाढलाय," डॉक्टर म्हणाले. "हाताने करायचा एखादा छंद लावून घ्या. आणि माणसांवर जरा विश्वास ठेवायला शिका." ग्रॅमसाहेबांनी आधी रक्तदाबाच्या यंत्रावर पडताळणीचा शिक्का शोधला. तो नव्हता. तरी एक संधी द्यायची म्हणून त्यांनी सल्ल्याचा पहिला अर्धा भाग स्वीकारला आणि फोमचे चार तक्ते, कटर आणि डिंक घेऊन आले.

आता घरातली परिस्थिती सांगायला हवी. त्या घरात एका टेबलाशी बसून दोन माणसं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणजे बसत होती ती आत्ताच, गेले सात आठवडे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे लेकीकडे राहायला आले होते. एरवी ते परगावी थोरल्या मुलाकडे असत आणि अबोला दुरून चालू असे, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता. आता तो जवळून चालवावा लागे.

"त्यांना सांग, वर्तमानपत्र वाचून झालं असेल तर इकडे द्या," ग्रॅमसाहेब म्हणत.

"त्यांना सांग, शेवटचं पान राहिलंय," सासरे पानाआडून म्हणत.

दोघांमध्ये अंतर एका टेबलाचं. बायको मान वर न करता म्हणे, "सांगितलं, सांगितलं." सात आठवड्यांत तिला त्याची इतकी सवय झाली होती, की कुणी नुसतं खाकरलं तरी ती विचारी, "कोणाला सांगू?"

अबोल्याचं कारण होतं एक वजनकाटा. सासऱ्यांचं ह्याच गावात खिळे, स्क्रू, तारा आणि टेबलफॅन विकायचं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर तपासणी निघाली तेव्हा ग्रॅमसाहेब सासऱ्यांच्या दुकानात सगळ्यात आधी शिरले. शेवटी गेलो असतो तर लोक म्हणाले असते, जावयाने सांभाळून घेतलं. काट्यात किलोमागे बारा ग्रॅमची तफावत निघाली. ग्रॅमसाहेबांनी काटा जप्त केला, दारावर छापील कागद डकवला आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा जरा ठळकच केली. दोन वर्षांनी ते दुकान बंद पडलं. त्या तपासणीपर्यंत ज्या सासऱ्यांच्या तोंडून 'जावईबापू' याशिवाय हाक निघत नव्हती, त्यांच्या तोंडून जावयासाठी पुन्हा शब्द म्हणून निघाला नाही.

विमान जवळजवळ पुरं होत आलं तेव्हा एका सोमवारी बायकोने दोघांनाही समोर बसवलं. म्हणजे दोघं बसलेलेच होते, ती उभी राहिली.

"बाबा रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत चाललेत," ती म्हणाली. "आता त्यांचं वय असं की पुन्हा कधी येतील ठाऊक नाही. त्याआधी तुम्ही दोघांनी एकमेकांशी एक, फक्त एक वाक्य बोलायचं. नाही बोललात तर मी ह्यापुढे कुणाचंच काही कुणालाच सांगणार नाही. बसा मग दोघं वर्तमानपत्र ओढत."

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी जोरजोरात लावू लागली. तिचे डोळे भरून आले होते. ते दोघांनाही दिसलं आणि दोघांनीही न दिसल्यासारखं केलं.

"काय बोलायचं असतं अशा वेळी?" ग्रॅमसाहेबांनी विमानाला विचारलं. विमानाला तेव्हा मोटरी बसलेल्या होत्या, पण त्या कशा आल्या ते सांगायचं राहिलं.

खेळण्यातल्या विमानांचं सामान विकणारं गावात एकच दुकान होतं. ग्रॅमसाहेब काखेत खात्याचा काटा घेऊन तिथे शिरले आणि शेजारच्या तिन्ही दुकानांची शटरं खाली आली. दुकानदार पळून जाऊ शकला नाही, कारण तो शिडीवर होता.

"मी खासगी कामासाठी आलोय," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"सगळे तसंच म्हणतात," दुकानदार शिडीवरूनच म्हणाला.

विमानाला मोटरी हव्यात हे पटायला त्याला पाव तास लागला. मग मात्र तो खुलला. बाराशे मिलिमीटरचा पंख, वजन साधारण किलोभर, म्हणजे व्होल्टमागे हजार फेरे घेणाऱ्या दोन मोटरी, तीन सेलची बॅटरी, आणि प्रत्येक मोटरीला वेग कमीजास्त करणारा आपापला कंट्रोलर. एक मोटर ह्या बाजूला फिरवायची, दुसरी त्या बाजूला, म्हणजे विमान एकीकडे ओढत नाही. "आणि दोन्ही मोटरींची ओढ मिळून विमानाच्या वजनाइतकी तरी हवी," तो म्हणाला. "ही प्रत्येकी सहाशे ग्रॅम ओढते. बघा, पाकिटावर लिहिलंय."

पाकिटावर लिहिलंय म्हटल्यावर ग्रॅमसाहेबांचा डावा डोळा बारीक झाला. त्यांनी काटा काउंटरवर मांडला. पाकिटावर मोटरीचं वजन बावन्न ग्रॅम होतं, भरलं चोपन्न.

"वायरी धरून चोपन्न," दुकानदार म्हणाला.

"वायरी धरू नयेत असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी दुकानातल्या अकराच्या अकरा मोटरी तोलल्या आणि त्यांतून दशांश ग्रॅमपर्यंत जुळणाऱ्या दोन निवडल्या. पंखे घेतानाही तेच. जोडीतला एक डाव्या वळणाचा, एक उजव्या, हे बघून त्यांनी एक नग सदोष आहे म्हणून बाजूला काढला. उलट फिरणाऱ्या मोटरीला उलट वळणाचाच पंखा लागतो हे दुकानदाराने कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा ग्रॅमसाहेबांनी त्या चित्राखाली त्याची सही घेतली. दोन कंट्रोलरपैकी एकाची लाल वायर सोडवून ठेवा, नाहीतर दोन्हीकडून वीज येऊन घोटाळा होतो, असं तो म्हणाला. चांगली वायर सोडवायला सांगतो म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं ग्रॅमसाहेबांना वाटलं. त्याचीही सही घेतली. ते गेल्यावर दुकानदाराने दुपारपर्यंत शटर उघडलं नाही.

समोरच्या घरात एक पंखे दुरुस्त करणारा राहत असे. पंखेवाल्याला ह्या सगळ्याचं वाईट वाटलं. "अहो, मोटर म्हणजे मोटर. माझ्याकडची घ्या ना, छताच्या पंख्याची. वीस वर्षं फिरतेय, तक्रार नाही."

"तिचं वजन साडेतीन किलो आहे."

"मग विमान जरा मोठं करा," पंखेवाला म्हणाला. पुढे रोज संध्याकाळी तो एकेक सल्ला घेऊन येऊ लागला. विमानाला वंगण पाजा. विमान थोडं तिरकं बांधा, म्हणजे वारा चुकतो. ग्रॅमसाहेबांना संशय आला की ह्याला कुणीतरी पाठवतंय.

मैदानाच्या परवानगीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज करायचा होता. सेक्रेटरींपाशी विमानाचा छापील अर्ज नव्हता, म्हणून त्यांनी वाहन उभं करण्याचा दिला. वाहनाचा प्रकार, विमान. इंजिनांची संख्या, दोन. प्रवासी, शून्य. दोन इंजिनं वाचून सेक्रेटरींचा चेहरा उतरला.

"दोन इंजिनं म्हणजे दोन अर्ज," ते म्हणाले. "उद्या एकच इंजिन नियमात बसलं आणि दुसरं नाही, असं व्हायला नको."

इतरांच्या बाबतीत ग्रॅमसाहेबांनीही हेच केलं असतं. म्हणून त्यांना मनातून बरं वाटलं आणि वरकरणी राग आला. त्यांनी दोन अर्ज भरले. परवानगी मिळाली ती त्याच रविवारची, सकाळी आठ ते नऊ.

आणि मग ओढ मोजायचा दिवस आला. पद्धत सोपी होती. एक जड लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा, त्याला मोटर पंखा वर करून आवळायची आणि सुरू करायची. मोटर वर ओढते तेवढं ठोकळ्याचं वजन कमी दिसतं. काट्यावर वजन कमी भरल्याचा आनंद ग्रॅमसाहेबांना जन्मात पहिल्यांदाच मिळायचा होता.

पंखे त्यांनी खात्याच्या शिस्तीने बसवले होते. प्रत्येक पंख्याच्या एका बाजूला कारखान्याचा शिक्का होता. शिक्का नेहमी तपासणाऱ्याकडे तोंड करून हवा, हा वजनमापांचा पहिला नियम. विमान उडवणारा विमानाच्या मागे उभा राहतो. म्हणून दोन्ही पंखे शिक्का मागे करून. ह्यात काही चुकत असेल अशी शंका त्यांना, ज्यांना जगात सगळ्याची शंका येई, चुकूनही आली नाही.

डावी मोटर, साडेतीनशे ग्रॅम. उजवी मोटर, साडेतीनशे ग्रॅम.

ग्रॅमसाहेब हर्षाने उठून उभे राहिले. पाकीट खोटं बोलत होतं! सहाशे म्हणे! त्यांनी तक्रारीचा मसुदा करायला घेतला. ओढ कमी पडतेय ह्याचं दुःख त्या आनंदात कुठल्या कुठे गेलं. दोन्ही मोटरी निदान सारखं खोटं बोलत होत्या, म्हणजे एका अर्थी प्रामाणिकच. विमानाचं वजन साडेअकराशे होतं, ते त्यांनी उतरवायला घेतलं. रंग खरवडला. पोटातला फोम कोरला. शेपटीची टोकं कातरली. नऊशे ऐंशीवर आल्यावर बायको म्हणाली, "आता त्याला झाकून तरी ठेवा. वाऱ्याने सुद्धा जाईल."

मंगळवारी त्यांनी खात्री करायला पुन्हा मोजलं. उजवी, साडेतीनशे. डावी, पाचशे नव्वद.

पाकिटावर लिहिलेलं जवळजवळ खरं निघालं की ग्रॅमसाहेबांना जास्तच संशय येई. त्यांनी डावी मोटर पंख्यातून सोडवली आणि सरळ दुकान गाठलं.

"ही मोटर जास्त ओढतेय."

दुकानदाराने चष्मा पुसला. "जास्त ओढतेय ही तक्रार आहे?"

"काल साडेतीनशे होती. एका दिवसात अडीचशे वाढली. माणसाचं असं झालं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतंत?"

"पंखा कसा लावलाय?" दुकानदाराने विचारलं.

"नियमाप्रमाणे," ग्रॅमसाहेब म्हणाले आणि मोटर बदलून घेऊन आले. पंखा पुन्हा शिस्तीने बसवला. साडेतीनशे. जीव भांड्यात पडला.

बुधवारी दोन्ही पंख्यांचे शिक्के पुढे होते.

आता मात्र ग्रॅमसाहेबांच्या अंगातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी पंखे पुन्हा शिक्का मागे करून बसवले, विमानाच्या खोलीत जमिनीवर पावडर भुरभुरली, विमानाभोवती खडूने रेघ मारली आणि कचेरीत गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर पंखे पुन्हा फिरलेले, आणि पावडरीत पावलांच्या शेजारी पैशाएवढे गोल ठसे, दर दोन पावलांना एक. घरात काठी टेकत चालणारा माणूस एकच होता. ग्रॅमसाहेब खाली बसले. अकरा वर्षं वाट बघून म्हाताऱ्याने डाव साधला होता.

"त्यांना विचार, माझ्या विमानाला हात का लावला?"

"त्यांना सांग," सासरे शांतपणे म्हणाले, "पंखे उलटे बसवलेत. फुगीर बाजू पुढे हवी. मी टेबलफॅन विकलेत जन्मभर."

क्षणभर, अगदी क्षणभर, पाचशे नव्वदचा आकडा आणि फिरवलेला पंखा ह्यांची ग्रॅमसाहेबांच्या डोक्यात गाठ पडत आली होती. पण संशयाने मध्येच अंग घातलं. ज्याचा काटा आपण जप्त केला, तो आपल्या भल्याचं कशाला सांगेल? सगळ्या गावासमोर विमान पाडायचा हा बेत. त्यांनी पंखे पुन्हा शिक्का मागे करून बसवले. मग कपाटातून खात्याची बारीक तार, शिशाच्या गोळ्या आणि पक्कड काढली आणि दोन्ही पंख्यांच्या नटांना रीतसर सील ठोकलं. सीलच्या तारेने काट्यावर साडेतीन ग्रॅम वजन वाढलं. तेवढा फोम नाकातून कोरून काढला.

शनिवारी बायकोने बापाची बॅग भरून दाराशी ठेवली. दोघांपैकी कुणीही अजून ते एक वाक्य बोललं नव्हतं. ग्रॅमसाहेबांनी आरशासमोर तीन वाक्यं म्हणून बघितली होती. 'प्रवास नीट करा' हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण म्हातारा त्यातही खोट काढील अशी त्यांना भीती होती. कुणाला सांगितलं नसतं, पण जाता-येता त्यांनी ती बॅग दोनदा दारापासून वीतभर आत सरकवली.

रविवारी आठ वाजता सोसायटीचं मैदान. सेक्रेटरी दोन्ही अर्ज आणि घड्याळ घेऊन हजर. पंखेवाला वंगणाची डबी घेऊन. दुकानदार लांब, कुंपणापाशी, पळायला सोपं म्हणून. बायको घडीची खुर्ची घेऊन आली आणि तीत सासरे बसले, गुडघ्यावर काठी आडवी घेऊन.

ग्रॅमसाहेबांनी विमान गवतावर ठेवलं, रिमोट हातात घेतला आणि मोटरी पूर्ण सोडल्या. विमान गुरगुरलं, निघालं, मैदान ओलांडून पलीकडच्या कुंपणाशी गेलं आणि थांबलं. एक चाकसुद्धा उचललं नाही.

"पहिल्यांदा जरा लाजतं," पंखेवाला म्हणाला.

दुसऱ्यांदा ते वाकडं धावलं आणि सेक्रेटरींच्या पायांत शिरलं. सेक्रेटरींनी ते अर्जाच्या मागच्या बाजूला नोंदवलं. तिसऱ्यांदा ग्रॅमसाहेबांनी वाऱ्याकडे तोंड करून सोडलं. विमान पुन्हा जमिनीवरूनच सगळं मैदान हिंडून आलं. "विमान नाही, पण गवत छान सपाट करतंय," पंखेवाला म्हणाला आणि सगळे हसले. बायकोही हसली, मग तोंडावर पदर घेतला. ग्रॅमसाहेबांचे कान लाल झाले. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना कमी भरलेलं दाखवलं, ते आज चारचौघांत कमी भरले होते.

तेवढ्यात सासरे उठले. काठी टेकत, सावकाश, सगळ्यांसमोरून ते विमानापाशी गेले, कण्हत खाली बसले आणि खिशातून पक्कड काढली. कट्. डाव्या पंख्याचं सील तुटलं.

"सील तोडणं गुन्हा आहे!" ग्रॅमसाहेब ओरडले.

बायकोने पदर खाली केला. त्या वाक्याच्या आधी 'त्यांना सांग' नव्हतं.

सासऱ्यांनी मान वर केली आणि सरळ जावयाकडे बघितलं. "मग नोंदवा गुन्हा. तुम्हाला सवय आहे." कट्. उजवं सील. "पण ह्या वेळी कुठली बाजू उलटी होती, तेही लिहा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दारावर कागद लावलात, काट्यात बारा ग्रॅमची तफावत. कुणाच्या बाजूला ते लिहिलंत? काटा गिऱ्हाइकाला बारा ग्रॅम जास्त देत होता. माझेच खिळे जात होते. तुम्ही नुसती तफावत लिहिलीत आणि बाकीचं रस्त्याने आपल्या मनाने वाचलं. चाळीस वर्षं दुकान केलं मी. शेवटची दोन वर्षं लोक माझ्यासमोर माल दुसऱ्या काट्यावर तोलून बघायचे."

"नमुन्यात तो रकानाच नव्हता," ग्रॅमसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"रकाना नव्हता. तोंड होतं ना?"

सासऱ्यांनी दोन्ही नट सोडवले, पंखे फिरवले, फुगीर बाजू पुढे केली, नट आवळले आणि काठीवर भार देऊन उठले. "सोडा आता," ते म्हणाले.

ग्रॅमसाहेबांनी मोटरी सोडल्या. ह्या वेळी आवाजच वेगळा आला, भरलेला, एका सुराचा. विमान चार हात धावलं आणि उठलं. कुंपणावरून गेलं, वळलं, पांढरं पोट दाखवत सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. पंखेवाल्याने टाळ्या वाजवल्या. दुकानदार कुंपण सोडून पुढे आला. पाकिटावर लिहिलेलं खरं होतं. डॉक्टर, दुकानदार, म्हातारा, सगळेच खरं बोलत होते, आणि मैदानात चुकीचं माप एकच होतं, ते रिमोट धरून उभं होतं. हे ग्रॅमसाहेबांना वर बघता बघता कळलं. बरं नाही वाटलं.

आता खरी गंमत अशी, की हवेत विमान असताना त्यावरून नजर काढायची नसते. दुकानदाराने हे तीनदा बजावलं होतं, सहीसकट. पण काही गोष्टी आकाशाकडे बघत बोलता येत नाहीत. ग्रॅमसाहेब वळले. पंखेवाला, सेक्रेटरी, दुकानदार, बायको सगळ्यांकडे त्यांनी बघितलं आणि तपासणीत वाचून दाखवायच्या आवाजात म्हणाले, "ऐका. ह्यांच्या काट्यात बारा ग्रॅमची तफावत होती, ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती. मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली होती. लिहिली नाही, आणि अकरा वर्षं तोंडाने सांगितलीही नाही. चूक माझी होती, बाबा."

"म्हणजे," पंखेवाला हळूच म्हणाला, "यांचं दुकान सोडलं तेव्हापासून मी कमी तार घेतोय?"

कुणी उत्तर द्यायच्या आत फट्कन आवाज झाला. विमान सोसायटीच्या सूचनाफलकात शिरलं होतं. उजवा पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे, आणि नाक 'मैदानात खेळू नये' ह्या सूचनेत रुतलेलं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. नऊला सात मिनिटं होती. "वेळेच्या आत पडलं," ते म्हणाले, "पण पडण्याचा उल्लेख दोन्ही अर्जांत नाही."

सासरे तुकड्यांपाशी गेले. मोटरी हातात घेऊन एकेक फिरवून बघितल्या, कानाशी धरल्या. "मोटरी शाबूत आहेत," ते म्हणाले. आणि मग, पंखाच्या तुकड्यावरची माती झटकत, कुणाकडेही न बघता, "हे चिकटवायला आठवडा तरी जाईल, जावईबापू."

संध्याकाळची गाडी गेली. बॅग दाराशीच होती, पण तिच्यावर आता फोमचा तक्ता वाळत ठेवला होता. टेबलाच्या एका बाजूला ग्रॅमसाहेब, दुसऱ्या बाजूला सासरे, मध्ये विमान. ग्रॅमसाहेब डिंक तोलून घेत होते.

"डिंक जास्त झालाय," सासरे म्हणाले.

आत भांडी लावणारी बायको सवयीने हात पुसत बाहेर आली. "कोणाला सांगू?"

"कोणाला नको," सासरे म्हणाले. "मी ह्यांच्याशीच बोलतोय."